अळीच्या अंगावरचा काळा ठिपका

आईचा पाय ऑक्टोबरात भाजला आणि तो भाजलाय हे तिला स्वतःलाच कितीतरी दिवस माहीत नव्हतं.

गावाहून आलेल्या तांदळात टोके झाले होते. भर दुपारी ती आमच्या जोगेश्वरीच्या बिल्डिंगच्या गच्चीवर गेली, जुनी चादर अंथरली, तांदूळ पसरले आणि चपला जिन्याशीच काढून ठेवल्या. धान्याजवळ चपला घालून जायचं नाही, ही तिची लहानपणापासूनची सवय. गच्चीला त्या वर्षी गळती थांबवायला काळा डांबरी थर दिला होता. त्यावर ती अनवाणी, वाकून टोके निवडत राहिली. तिला डायबेटिस होऊन बरीच वर्षं झाली होती आणि तळपायाची जाण कधीच कमी झाली होती. मी ते ऐकून होतो. पण ‘जाण कमी होणे’ म्हणजे नेमकं काय, ते मला त्या आठवड्यात कळलं.

फरशीवर पिवळट डाग दिसायला लागले. कुठे गॅलरीत, कुठे किचनच्या दाराशी. बायकोने आधी कुकरचं पाणी सांडलं असेल म्हणून पुसले. मग एकदा तिच्या लक्षात आलं की डाग चालतायत.

“आई, तुमच्या पायाला काय लागलंय?”

“खंय काय?” आई म्हणाली आणि तशीच चालत आली.

आम्ही तिला खुर्चीवर बसवून पाय उचलला. अंगठ्याशेजारच्या बोटांच्या मुळाशी एक फोड फुटून पाच रुपयांच्या नाण्याएवढी उघडी जखम झाली होती. बायकोने तोंडावर हात ठेवला. आई आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे बघत होती, पायाकडे नाही. सकाळीच ती बाजारात जाऊन बांगडे घेऊन आली होती. त्या पायाने.

नाक्यावरच्या डॉक्टरांनी रोज ड्रेसिंग करायला सांगितलं, अँटिबायोटिक दिली, साखर सांभाळायला सांगितली आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही अशी ताकीद दिली. ड्रेसिंग मी शिकून घेतलं. मालाडच्या एका ज्युनियर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे घरात असल्या कामाला मीच लायक, असं सगळ्यांनी धरून टाकलं. आईला मी बजावलं, गोळ्या वेळेवर घे, पाय खाली ठेवू नकोस, भात कमी कर. ती “होय रे बाबा” म्हणायची आणि मी वळलो की टीव्ही लावायची.

त्याच सुमारास रेशमाच्या अळ्या घरी आल्या.

दरवर्षी अकरावीच्या प्रॅक्टिकलसाठी मी कॉलेजच्या लॅबमध्ये रेशीमकिडे पाळतो. घाटावरचा एक ओळखीचा शेतकरी अंडी पाठवतो आणि कॉलेजच्या मागच्या कंपाउंडला तुतीचं एक झाड आहे, त्याचा पाला मिळतो. त्या वर्षी अंडी उशिरा आली, अळ्या उशिरा फुटल्या आणि तोवर दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीला लागूनच निवडणूक होती, त्यासाठी कॉलेजची इमारत ताब्यात घेतली गेली. लॅबला कुलूप लागणार होतं. अळ्यांना सुट्टी नसते. मी ट्रे उचलले, रिक्षात घातले आणि घरी आणले.

दार उघडल्याबरोबर बायको म्हणाली, “यार, तू सिरियस आहेस? इथे आपल्याला उभं राहायला जागा नाही.”

“थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. कोष केले की झालं.”

“आणि पाला कोण आणणार रोज?”

पाला मी आणत होतो. तो पुसायचं आणि घालायचं काम आईने परस्पर घेऊन टाकलं. हॉलमध्ये तिच्या पलंगाशेजारी ट्रे ठेवले होते आणि पाय स्टुलावर ठेवून दिवसभर बसायचं म्हणजे तिला शिक्षाच होती. ती एकेक पान जुन्या फडक्याने पुसायची, देठ खुडायची आणि अळ्यांवर पांघरूण घातल्यासारखी पानं पसरायची. अळ्या खायला लागल्या की बारीक चरचर ऐकू येई, कुणीतरी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र चुरगाळत असल्यासारखी.

“खातत बघ कशे,” आई म्हणायची. “मान वर करूक नाय मेल्यांनी.”

एका दुपारी मुंग्या आल्या. मी ट्रेच्या टेबलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या होत्या, पण तुतीची एक फांदी भिंतीला टेकली होती. आईने हाक मारेपर्यंत एका अळीला त्या डसल्या होत्या. मी मुंग्या झटकल्या. अळीच्या कुशीतून फिकट पिवळसर थेंब आला.

“रक्त खंय?” आईने विचारलं.

“हेच रक्त. त्यांचं लाल नसतं.”

दुसऱ्या दिवशी ती जागा काळी पडली होती. शाईच्या पेनाने ठिपका दिल्यासारखी. आईने मला बोलावून दाखवलं. तिचा चेहरा उतरला होता. “मेली मां ती? काळी पडली.”

“नाही गं, वाचली!”

मी खूश झालो होतो. वर्गात जे चित्र काढून दाखवावं लागतं, ते घरात समोर घडलं होतं. मी तिच्या पलंगावर बसलो आणि सांगायला लागलो. अळीला आपल्यासारखी लस टोचून उपयोग नाही, कारण एखाद्या जंतूला ओळखून ठेवणाऱ्या आपल्यासारख्या प्रतिपिंडांची सोयच तिच्याकडे नाही. पण कातडी फाटली की तिचं रक्त त्या जागी काळं होऊन घट्ट बसतं. भोक बुजतं. आत शिरलेले जंतू त्या काळ्या थरात अडकतात आणि बरेचसे तिथेच मरतात. मग तिच्या अंगातल्या चरबीच्या पेशी कामाला लागतात आणि लहान लहान प्रथिनं सोडतात. ती प्रथिनं जंतूच्या कातडीला भोकं पाडतात. जंतू फुग्यासारखा फुटतो.

“एवढीशी अळी,” मी म्हणालो, “आणि बघ. काळं पडलं म्हणजे बंद झालं, आई. वाचली.”

आई त्या ठिपक्याकडे बराच वेळ बघत राहिली. “हुशार गो,” ती अळीला म्हणाली.

पुढच्या आठवड्यात अळ्या कोष करायला लागल्या. मी कोंबडीच्या अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे पसरून ठेवले होते, त्यांच्या खोबण्यांत शिरून त्या डोकं हलवत हलवत धागा काढत होत्या. एका ट्रेमध्ये मात्र रोग शिरला. तिथल्या अळ्या ढिल्या पडल्या, काळसर झाल्या, त्यांचं पाणी होऊन खालच्या पुठ्ठ्यात मुरलं. घरभर वास सुटला. बायको ऑफिसातून आली ती नाक धरूनच आत आली. “वाट लागली घराची,” ती म्हणाली आणि सगळ्या खिडक्या उघडल्या.

तो पुठ्ठा मी पिशवीत भरत होतो. त्या घाणीत एक कोष होता. त्या अळीने बाकीच्या आजारी पडायच्या आधीच काम उरकलं असावं. बाहेरून तो तपकिरी द्रवात भिजलेला होता, माझ्या बोटांना चिकटत होता. फेकण्याआधी नुसतं बघावं म्हणून मी ब्लेडने त्याला चीर दिली.

आतून तो कोरडा होता. पांढराशुभ्र. आणि आतला किडा, मधाच्या रंगाचा, माझ्या हाताच्या उबेने वळवळला.

मी खालीच बसलो. मला हे सगळं वाचून माहीत होतं. पण वाचणं वेगळं आणि सडलेल्या मढ्यांच्या चिखलातून काढलेल्या डबीत जिवंत प्राणी सापडणं वेगळं. आमच्या हॉलच्या ट्यूबलाइटखाली तो हलत होता आणि माझ्या अंगावर काटा आला होता.

“इकडे ये,” मी बायकोला हाक मारली. “हे बघ. बघ ना!”

ती लांबूनच बघत होती. मी आईच्या पलंगापाशी गेलो, तिला दाखवलं आणि दोघींना सांगत सुटलो. ही नुसती भिंत नाही. बुरशी, जंतू कोषात शिरायला आधी रेशीम कुरतडतात, म्हणजे रेशीम विरघळवणारा रस सोडतात. त्यांची ती कात्री समजा. तर अळीने धाग्यातच अशी प्रथिनं मिसळलेली असतात की ती जाऊन त्या कात्रीत अडकून बसतात. कात्री चालतच नाही. शिवाय सेरोइन नावाची आणखी छोटी प्रथिनं असतात, ती जंतू वाढूच देत नाहीत. आणि गंमत म्हणजे हा पहारा सगळ्यात जास्त असतो तो बाहेरच्या विरळ जाळीत, जी आपण धागा काढताना कचरा म्हणून काढून टाकतो.

“अळी आता झोपणार,” मी म्हणालो. “तिला पळता येणार नाही, खाता येणार नाही. म्हणून आधी सगळा बंदोबस्त घरातच विणून ठेवलाय. जंतूला एंट्रीच नाही.”

“मस्त आहे,” बायको म्हणाली, “पण तो पुठ्ठा आधी खाली टाकून ये.”

 आई कोषाचा तुकडा बोटांनी दाबून बघत होती.

मग निवडणूक आली. शिक्षक म्हटलं की ड्युटी ठरलेली. आदल्या दिवशी सकाळी जाऊन मशीन आणि सामान ताब्यात घ्यायचं, रात्री बूथवरच पडायचं, दुसऱ्या दिवशी मतदान उरकून सामान परत करायचं. माझी ट्रेनिंगंही त्याच आठवड्यात होती. बायकोचं ऑफिस अंधेरीला आणि तिचं महिनाअखेरीचं काम तुंबलेलं. मी निघताना विचारलं की ड्रेसिंगचं काय करायचं.

“मी करते संध्याकाळी आले की,” बायको म्हणाली.

“काय नको,” आई म्हणाली. “माका हात नाय काय? दोन दिवस मी माझा मी करतंय. पोरी, तू दमून येतंस.”

ती इतक्या ठामपणे म्हणाली की आम्ही दोघांनी ते मानून टाकलं. आणि खरं तर आम्हाला बरंच वाटलं. पाय सुधारत होता. कडा गुलाबी झाल्या होत्या, मी स्वतः बघितल्या होत्या. बायकोने कापूस, सलाइन, पट्ट्या सगळं तिच्या हाताशी मांडून ठेवलं. संध्याकाळी येऊन ती विचारायची, “झालं का ड्रेसिंग?” आणि आई नवीकोरी पट्टी बांधलेला पाय उचलून दाखवायची.

ड्युटीवरून आल्यावर मी मेल्यासारखा झोपलो. उठलो तेव्हा दुपार झाली होती. बायको कामावर गेली होती. आई पलंगावर बसून मटार सोलत होती. मी तिच्यासमोर स्टूल ओढलं आणि पाय मांडीवर घेतला.

“आज ऱ्हवांदे,” ती म्हणाली. “काल बांधलंय मीच.”

“बघू तरी.”

पट्टी फार घट्ट होती. दोन वेढे काढले आणि वास आला. मला वाटलं, त्या रोगट ट्रेचा पुठ्ठा अजून कुठेतरी राहिलाय. मी खरंच मागे वळून ट्रेकडे बघितलं. मग आणखी एक वेढा काढला.

तिच्या तळपायाला कोष चिकटले होते.

कात्रीने उभे कापून त्यांच्या अर्ध्या वाट्या केल्या होत्या. त्यांच्याभोवती बाहेरची विरळ जाळी कापसासारखी गोळा करून नीट दाबून बसवली होती, ब्लाउजच्या काखेला तुकडा लावावा तशी, एकही कडा वर न येता. सगळं पिवळं होऊन कडक झालं होतं. मला क्षणभर ते काय आहे हे समजलंच नाही. समजलं तेव्हा मी हातातली पट्टी बाजूला टाकली.

“आई, हे काय आहे?”

“कोष,” ती म्हणाली. “काय ता तुका ठावक नाय?”

“तू… तू हे जखमेवर बांधलंस?”

“तूच सांगललंस मां? त्येंच्या घरात जंतूंक एंट्री नाय म्हणान. भायरची जाळी जास्त चांगली, ता पण तूच सांगललंस. मी ती वेगळी काढून ठेवललंय.”

 मी सलाइन ओतून ते भिजवत राहिलो. अर्धी बाटली माझ्याच पँटवर गेली. एकेक वाटी सुटली. खालून पू आला. आणि मग मला तिची बोटं दिसली. अंगठ्याशेजारचं बोट टोकापासून मुळापर्यंत काळं पडलं होतं. त्याच्या बाजूचं अर्धं. जांभळं नाही, निळं नाही, काळं. मी बोट लावलं. ते गार होतं.

“हे कधी झालं?”

“परवापासून.”

“परवापासून! आणि तू सांगितलं नाहीस? हे काळं पडलेलं तुला दिसलं नाही?”

“दिसला तर,” आई म्हणाली. ती माझी समजूत घातल्यासारखं बोलत होती. “भियां नको. काळा पडला म्हणजे बंद झाला. त्या अळीचा नाय झाला काय?”

मटाराची ताटली तिच्या मांडीवर होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, दुखणं नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की ती बरी होतेय. मी जे शब्द त्या अळीसाठी वापरले होते, तेच तिने माझ्यासमोर ठेवले होते, जसेच्या तसे, आणि मी तिच्या पायाशी बसून ते ऐकत होतो.

त्यानंतरचं मला तुटक तुटक आठवतं. बायकोला फोन केला, काय बोललो ते आठवत नाही. वॉचमनने रिक्षा थांबवली. आईला खुर्चीसकट खाली उतरवलं. ती सारखी म्हणत होती, कुकर लावायचा राहिलाय.

हॉस्पिटलात तपासणारी सर्जन माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची होती. तिने पाय बघितला, घोट्याजवळ नाडी चाचपली, गुडघ्यामागे चाचपली, पुन्हा घोट्याजवळ आली. मग तिने मी पिशवीत आणलेल्या त्या पिवळ्या वाट्यांकडे बघितलं.

“हे काय आहे?”

“रेशमाचे कोष,” मी म्हणालो.

तिला वाटलं तिने नीट ऐकलं नाही. मी पुन्हा सांगितलं. मग कोष कुठून आले, ते सांगितलं. मी काय शिकवतो, तेही सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

“सर, कोषातल्या प्रथिनांवर काम चालतं हे मलाही माहीत आहे,” ती शेवटी म्हणाली. “ती वेगळी काढतात, शुद्ध करतात, काचेच्या ताटलीत जंतूंवर टाकून बघतात. पुढे कधीतरी त्याची पट्टी निघेलही. पण हा अळ्यांच्या ट्रेमधून आलेला कोष आहे. त्याच्यावर काय काय बसलेलं असेल?”

“म्हणजे यामुळे झालं का?”

“बोटांना रक्तच पोचत नाहीये. ते कोषामुळे नाही. ते बरेच दिवस चाललं असणार. पण जखम झाकली गेली, पू कोंडला, वेळ गेला. कशामुळे किती नुकसान झालं ते मी सांगू शकत नाही.”

बोटं काढावी लागतील, असं तिने सांगितलं. किती, ते आत गेल्यावर कळेल. कदाचित अर्धं पाऊल. बायको तेवढ्यात पोचली होती. तिने माझा दंड धरला. आम्ही दोघं त्या कॉरिडॉरमध्ये उभे होतो आणि समोर भिंतीवर हात धुण्याच्या पायऱ्यांचं चित्र होतं. ते मी पुन्हा पुन्हा वाचत होतो.

आईला मीच सांगितलं. 

“पण ता काळा…” ती म्हणाली.

“आई, अळीचं काळं वेगळं. ती जिवंत होती म्हणून काळी पडली. हे बोट मेलंय म्हणून काळं पडलंय.”

तिने मान हलवली. मग पायाकडे बघितलं, मला वाटतं त्या सगळ्या महिन्यात पहिल्यांदाच नीट. आणि ती रडायला लागली. आवाज न करता. बाबा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा तर ती मला घेऊन खानावळीचे डबे भरायला लागली होती. तिला रडताना बघायची मला सवय नाही. मी पडदा ओढून बाहेर आलो, आणि पुन्हा आत गेलो.

दोन बोटं गेली. पाऊल वाचलं.

पण ताप उतरेना. जखमेतल्या जंतूंचा रिपोर्ट आला. त्यात औषधांच्या नावांसमोर एकाखाली एक ‘R’ हेच अक्षर होतं, म्हणजे हे चालणार नाही, हेही चालणार नाही. वर्गात मी हा धडा दरवर्षी घेतो. औषधं अर्धवट घेतली, वाटेल तशी घेतली, की जंतू शिकतात. मुलं ते परीक्षेत पाच ओळींत लिहितात. माझ्या आईच्या नावाच्या कागदावर ते बघताना मला त्या अक्षराचा अर्थ कळेना. मी तो कागद सर्जनसमोर धरून विचारलं, “हे सगळं… सगळंच नाही?”

“शेवटची दोन चालतायत,” ती म्हणाली. “शिरेतून द्यावी लागतील.”

त्या दोनपैकी एकाने ताप उतरला. जखम उघडी ठेवली होती, ती स्वच्छ झाल्यावर शिवायचं ठरलं. शिवून झाल्यावर आई शुद्धीत होती, गप्पिष्ट झाली होती. तिने सर्जनला विचारलं, “टाके रेशमाचे घातलेत?” बाबांच्या हाताला गिरणीत लागलं होतं, तेव्हा रेशमाचे टाके घातले होते, ते तिच्या लक्षात होतं.

“नाही आजी, नायलॉनचे. अशा जखमेत रेशीम नको. विणलेला धागा असतो तो, त्याच्या पेडांमध्ये जंतू जाऊन बसतात.”

मी खुर्चीवरून उठलो. “रेशमात? जंतू?”

“हो सर. इन्फेक्शन असेल तिथे आम्ही टाळतोच.”

मला वाटलं ती मस्करी करतेय. घरी येऊन मी शोधत बसलो आणि ती बरोबर होती. टाक्यांसाठीचं रेशीम उकळून, धाग्यावरचा चिकट नैसर्गिक डिंक धुऊन, शुद्ध करून घेतात. तो डिंक गेला की अळीने मिसळलेला बंदोबस्तही बहुतेक त्याच्याबरोबर धुऊन जातो. उरतो तो मऊ, चकचकीत, मजबूत धागा. आणि त्यात जंतू आरामात राहतात. ज्या धाग्याबद्दल मी इतकी वर्षं वर्गात हातवारे करून बोललो, त्याची ही बाजू मला ठाऊकच नव्हती.

हे सगळं चालू असताना घरात पतंग बाहेर आले. मी ट्रे पार विसरलो होतो. एका सकाळी हॉस्पिटलात डबा घेऊन आलेल्या बायकोने सांगितलं, “तुझे ते बाहेर आलेत. पांढरे, जाडजूड. उडत नाहीत, नुसते फडफडतात. टेबलक्लॉथवर अंडी घातलीयत.”

“तू काय केलंस?”

“काय करणार? खाली वर्तमानपत्र घातलं. पंखा बंद ठेवलाय.” तिने मोबाइल पुढे केला. “आईंना दाखवायला फोटो काढलाय.”

ज्या बाईने त्या अळ्यांकडे दोन हात लांबूनच बघितलं होतं, ती पंख्याशिवाय घामाने निथळत त्या घरात झोपत होती.  आईने फोटो बघितला, मोबाइल जवळ नेला, लांब नेला.

“त्यांका तोंड नाय?” तिने विचारलं.

“असतं, पण खात नाहीत. थोडे दिवस जगतात.”

“मगे माझ्यापेक्षा बरे. पथ्य नाय.”

आईला घरी आणल्यावर बरेच दिवस मी तिला विचारायचं टाळलं. मग एका दुपारी ड्रेसिंग करता करता विचारलंच. “आई, मला एकदा तरी विचारायचंस. बांधण्याआधी. मी घरातच होतो ना आदल्या दिवशीपर्यंत.”

“विचारला असता तर तू नाय म्हटला असतंस.”

“मग?”

ती खिडकीबाहेर बघत होती. “तू गोळ्यांचा सांगतंस तेव्हा माझ्यावर ओरडतंस. हां खाव नको, थंय जाव नको. त्या किड्याचा सांगताना तुझ्या डोळ्यांत पाणी होता. माका वाटला, ज्येच्यावर ह्येचो एवढो इश्वास आसा, ता खरा असतला.”

मी तिचा पाय मांडीवर घेऊन तसाच बसून राहिलो. कापूस हातात होता.  वीस वर्षं मी मुलांना पुरावा म्हणजे काय ते शिकवतोय. आणि माझ्या घरात माझा पुरावा माझे डोळे होते.

त्या संध्याकाळी मी तिच्यासमोर फळा नाही, पण कागद घेऊन बसलो. तिच्या पायाचं चित्र काढलं. कुठून रक्त येतं, कुठे साखरेने नळी जाड होते, कुठल्या नसा मेल्यात म्हणून तिला निखारा ठेवला तरी कळणार नाही. जशी अळीची गोष्ट सांगितली होती तशीच सांगायचा प्रयत्न केला. सुरुवातीला मला जमेना, आवाज चढत होता. बायको किचनमधून म्हणाली, “हळू.” मी हळू बोललो. आई ऐकत होती. मध्येच तिने माझ्या हातातून पेन घेतलं आणि चित्रातल्या पावलाची दोन बोटं खोडून टाकली. “आता बरोबर,” ती म्हणाली.

आता ती रोज सकाळी आंघोळीनंतर पलंगावर बसते, बायकोने आणलेला लांब दांड्याचा आरसा तळपायाखाली धरते आणि चष्मा लावून टाचेपासून बघत जाते. परवा मी कॉलेजला निघालो होतो, बुटाची नाडी बांधत होतो. तिने हाक मारली.

“बघ रे, हय काय लाल दिसता काय?”

मी बूट काढला आणि आत गेलो. काही नव्हतं. घडी पडल्याची खूण होती फक्त, सॉक्सच्या शिवणीची. तरी मी अंगठ्याने दाबून बघितली, पुन्हा बघितली. आणि आम्ही दोघंही ती खूण जाईपर्यंत आरशाकडे बघत बसलो.